मा. संरक्षण मंत्र्यांना खुलं पत्र : ऑपरेशन पवनचे कागद आता उघडा

मा. संरक्षण मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितेय. माझे वडील महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर झाले, १९८७ ला ते श्रीलंकेत होते, उत्तरेकडच्या जाफन्यात. पत्र लांबणार आहे म्हणून मागणी आधीच सांगून टाकते. ऑपरेशन पवन म्हणजे १९८७ ला श्रीलंकेत आपल्या फौजेने एलटीटीई ह्या तमिळ बंडखोर संघटनेविरुद्ध केलेली मोहीम, तिची सरकारी कागदपत्रं लोकांना बघायला खुली करा आणि त्या मोहिमेचा अधिकृत इतिहास छापा, त्यात जे जे झालं ते सगळं येऊ द्या, अभिमानाचं पण आणि मान खाली घालायला लावणारं पण.

तेव्हा मी पहिलीत होते. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी तिथला तमिळ संघर्ष मिटवायच्या करारावर सह्या केल्या आणि लगेच आपली फौज तिकडे उतरायला लागली. रेडिओवर बातम्यांत "शांतिसेना" म्हणायचे. आजी गावभर सांगायची की माझा पोरगा दुसऱ्यांची भांडणं सोडवायला गेलाय, लढाईला नाही. तिला तसंच वाटत होतं आणि खरं सांगायचं तर जाणाऱ्यांनाही तसंच वाटत होतं, बाबा सांगतात पहिले दोन महिने लोक हार घालायचे, पोरं गाडीमागे पळायची, म्हाताऱ्या बायका शहाळी आणून द्यायच्या. मग ऑक्टोबर उजाडला आणि ज्यांच्याकडून हत्यारं जमा करून घ्यायची होती त्या एलटीटीईशीच लढायचा हुकूम आला. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना आधी आपल्याच देशात ट्रेनिंग मिळालेलं होतं, हे आता काही लपलेलं नाही.

बाबांची पत्रं यायची त्यावर पत्ता म्हणजे नंबर, नाव, युनिट आणि ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस, बस. आत ठरलेलं, इकडे सर्व ठीक, काळजी नसावी, म्हशीला किती दूध आहे ते कळवा. त्या ऑक्टोबरात पत्र यायचं बंद झालं ते दीड महिना आलंच नाही. आई पोस्टमनच्या वेळेला उंबऱ्यात बसायची आणि तो पुढच्या आळीला वळला की उठून आत जायची, बोलायची काही नाही. ती दिवाळी आमच्याकडे झाली नाही.

पलालीचा विमानतळ ते जाफना शहर हे अंतर १५-१६ किलोमीटर. आमच्या गावाहून तालुक्याला जायला साधारण एवढंच पडतं, एसटीने अर्धा तास. तेवढं अंतर कापून शहर ताब्यात घ्यायला फौजेला दोन आठवड्यांच्या वर लागले. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, कुंपणापलीकडे घर आहे का विहीर आहे का बंदूक आहे काही दिसायचं नाही. रस्त्यात सुरुंग पुरलेले आणि त्याची वायर लांब कुठल्यातरी घरात गेलेली, तिथे बसलेला माणूस वाट बघणार आणि बरोब्बर वेळेला बटण दाबणार. समोरच्याकडे एके ४७ आणि आपल्या पोरांच्या हातात ती लांबलचक जड एसएलआर रायफल.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवले, एलटीटीईचे नेते तिथे आहेत म्हणून. समोरच्यांनी वायरलेसवरचं बोलणं आधीच पकडलेलं होतं, ते दबा धरून बसले होते. पॅरा कमांडो उतरले, १३ शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जण उतरले आणि मागची कुमक गोळीबारामुळे उतरूच शकली नाही. त्या ३० मधले २९ गेले, एक पकडला गेला. साहेब, त्या रात्रीची माहिती कोणाकडे काय होती, पुढे का जाऊ दिलं, थांबवता आलं असतं का, हे त्या २९ घरांना सरकारकडून लेखी कळायला नको का? ही मोहीम दिल्लीतून ठरली आणि ओव्हरऑल फोर्स कमांडर होते ले. जन. दीपिंदर सिंग, म्हणजे आपल्या पुण्याच्या सदर्न कमांडचे प्रमुख. साताऱ्याहून पुणं दोन-अडीच तासांवर. म्हणजे बाबांना जी उत्तरं हवीत ती फार लांब नव्हती कधी, फक्त बंद कपाटात होती.

बाबा आता सत्तरीकडे आले. गेल्या वर्षी आमच्या रस्त्याला पाण्याची पाइपलाइन टाकायला चर खणली आणि बुजवली, वर ओली माती तशीच. मी त्यांना दवाखान्यात नेत होते स्कूटीवरून. चर आली तसा माझा खांदा असा काही दाबला त्यांनी की मी गच्चकन ब्रेक मारला. उतरले, कडेला गेले, वाकून त्या मातीकडे बघत बसले, वायर शोधत होते. मग शेजारच्या शेतातून वळसा घालून पलीकडे गेले आणि मला म्हणाले तू पण गाडी तिकडून आण. मी आणली. इतकी वर्षं झाली पण नुकतीच उकरलेली माती ते अजून ओलांडत नाहीत. आईला हे कधीचं पाठ आहे, मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं की हे घरात कधीच कोणी बोललेलं नाही.

२५ नोव्हेंबर १९८७ ची रात्र मात्र ते सांगतात, तेवढं एकच सांगतात. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन सर्च ऑपरेशनवरून परतत होते आणि त्यांच्या तुकडीवर घात लावून हल्ला झाला. त्यांनी मागून वळसा घालून हल्लेखोरांवरच चाल केली, समोरासमोर झटापटीत एकाने त्यांच्या छातीत गोळी घातली, तर त्याचीच रायफल हिसकावून त्याला मारला आणि पडल्या पडल्या शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मुंबईत जन्मलेला माणूस. अंदमानातल्या एका बेटाला २०२३ मध्ये त्यांचं नाव दिलं, फार चांगलं झालं. पण आमच्या तालुक्यातल्या शाळेत मी विचारलं तर नाव एकाही पोराला माहीत नव्हतं, आणि त्यात पोरांची चूक नाही, त्यांच्या हातात कोणी काही दिलेलंच नाही.

आता दुसरी बाजू, ती लिहिल्याशिवाय ह्या पत्राला अर्थ नाही. २१ आणि २२ ऑक्टोबर १९८७ ला जाफना हॉस्पिटलमध्ये आपले जवान शिरले आणि आत साठ-सत्तर माणसं मेली. पेशंट, डॉक्टर, नर्स, कामगार. हॉस्पिटलचेच २१ कर्मचारी होते त्यात. आपली बाजू म्हणते की आतून गोळीबार झाला, तिथून वाचलेले लोक म्हणतात की हात वर केलेल्यांना मारलं. तिथे दरवर्षी २१ ऑक्टोबरला मेलेल्यांच्या फोटोंपुढे दिवे लावतात. मी फौजीची मुलगी आहे, हे टाइप करताना माझा हात जड होतो, पण बाबांना विचारलं लिहू का, तर म्हणाले लिही, जे झालं ते झालं, आपण नाही लिहिलं तर दुसरा त्याच्या मनाने लिहिल. त्या दोन दिवसांची चौकशी झाली असेल तर तिचे कागद बाहेर यावेत. तिथे मेलेल्या एखाद्या नर्सचीही मुलगी असेल माझ्या वयाची.

साहेब, मी नवीन काही मागत नाही. जून २०२१ मध्ये तुमच्याच मंत्रालयाने धोरण जाहीर केलं की युद्धाचे आणि मोहिमांचे रेकॉर्ड सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी खुले व्हावेत, मोहीम संपल्यावर दोन वर्षांत समिती नेमावी आणि पुढच्या तीन वर्षांत इतिहास लिहून पूर्ण व्हावा. आपली शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली २४ मार्च १९९० ला. त्यात २५ मिळवा, २०१५ येतं. मेलेल्यांचा आकडासुद्धा कुठे १,१६५ वाचायला मिळतो कुठे १,१७१. सहा माणसांचा फरक. सहा घरं आहेत ती साहेब.

परत आले तेव्हाही स्वागत नव्हतं नीट, मद्रासला उतरलेल्या फौजेच्या स्वागताला तिथले मुख्यमंत्री गेले नाहीत. पुढच्या वर्षी श्रीपेरंबुदूरला एलटीटीईने राजीव गांधींची हत्या केली आणि मग श्रीलंका हा विषयच कोणाला नको झाला. ह्या सगळ्यात जवानाचा काय दोष होता?

आम्ही बाबांना दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक दाखवायला नेलं होतं. ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरात नावं आहेत. त्यांनी त्यांच्या एलएमजीच्या, म्हणजे हलक्या मशीनगनच्या जोडीदाराचं नाव शोधलं, सापडलं, त्याच्यावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "हा कसा गेला ते कुठं लिवलंय?" मी सगळीकडे बघितलं. नाव होतं, तेवढंच.

म्हणून सांगते, कागद उघडताना जे अजून आहेत त्यांच्याकडूनही ऐकून घ्या, हिंदी-इंग्रजीतच पाहिजे असं नाही, मराठीत, तमिळमध्ये, पंजाबीत, जो ज्या भाषेत सांगेल तसं. त्यावेळची वीस-बावीसची पोरं आता साठीच्या आसपास आहेत, आमच्या पंचक्रोशीतले तिघे गेल्या दोन वर्षांत गेले. बाबांच्या ट्रंकेत ४१ पत्रं आहेत, एक छोटी डायरी आहे आणि जोडीदाराचा एक फोटो आहे. मंत्रालयातून कोणी आलं तर द्यायला ते तयार आहेत, फोटो सोडून. सकाळी दहाच्या आत या म्हणतात, नंतर ते शेतावर जातात.

आपली,
एका निवृत्त हवालदाराची मुलगी
जि. सातारा