विषय : आमच्या कडुनिंबाचा चुकीचा रिपोर्ट मागे घ्या

नमस्कार,

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या कडुनिंबासाठी तुमचं तपासणी आणि ट्रीटमेंटचं पॅकेज घेतलं होतं, पैसे सगळे आधीच भरलेत. तक्रार नुसती पैशांची नाहीये, तुमचा रिपोर्ट आता झाडाच्या जिवावर उठलाय.

रिपोर्टमध्ये एका ओळीत निदान आहे, "बुरशीजन्य शेंडेमर". कडुनिंबावर असा रोग येतो हे मान्य, 2021 मध्ये तेलंगणात त्याची मोठी साथ आली होती. पण त्यात सगळीकडचे कोवळे शेंडे वाळतात आणि आजूबाजूचे कडुनिंबही सुटत नाहीत. आमच्या गल्लीतले बाकीचे कडुनिंब हिरवेगार आहेत आणि आमचंही झाड फक्त एकाच बाजूने वाळतंय, ज्या बाजूला शेजारच्या रिडेव्हलपमेंटवाल्यांनी बेसमेंटसाठी जेसीबीने चर मारला ती बाजू, आणि हे आम्ही तुमच्या माणसाला दाखवलं होतं तरी तो खोडाजवळ वाकूनसुद्धा बघायला तयार नव्हता, वरचे फोटो काढले आणि निघाला.

नंतर कृषी कॉलेजात शिकवलेले एक काका आले. त्यांनी आधी बुंधा बघितला. जुन्या झाडाचा बुंधा जमिनीजवळ पसरट होतो, आमचा खांबासारखा सरळ आत गेलेला, कारण बिल्डरच्या कॉन्ट्रॅक्टरने कंपाउंड वॉल बांधताना फूटभर माती आणि राडारोडा आमच्या बाजूला ओतला आणि त्यावरून डंपर फिरवले. खुरप्याने उकरलं तर खालची माती दगडासारखी घट्ट आणि कुबट वासाची, हवाच नाही. चरात मनगटाएवढी मुळं तुटलेली दिसतात. झाडाची बरीचशी मुळं वरच्या दोन फुटांतच असतात आणि छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास, त्याच्या साधारण 12 पट अंतर सोडून खोदायचं असतं. आमच्या झाडाचा व्यास 60 सेंमी आहे, म्हणजे 7 मीटर सोडायला हवे होते, चर 2 मीटरवर आहे! वाळलेल्या बाजूच्या जाड फांद्यांची साल नखाने खरवडली तर आत अजून हिरवं आहे, म्हणजे झाड वाचू शकतं.

आणि तुम्ही काय केलंत? बुरशीनाशक फवारलं, युरिया ओतला, खोडाला ड्रिलने भोकं पाडून इंजेक्शनं दिली आणि तिसरा हिस्सा हिरव्या फांद्या कापल्या, त्याला उद्यान विभागाची परवानगी लागते ती पण काढली नाहीत. अहो, मुळं तुटलेल्या झाडाला नवीन मुळं फुटायला अन्न पानंच देतात, तीच तुम्ही काढलीत. आणि त्यात युरिया म्हणजे आजारी माणसाला बळजबरीने पळवण्यासारखं.

खरं काम साधं होतं. भरावाची माती हाताने, मुळांना न दुखवता काढायची, घट्ट झालेली जमीन हवेच्या प्रेशरने मोकळी करायची, खोड सोडून दोन-तीन इंच पालापाचोळा पसरायचा, सावकाश खोलवर पाणी द्यायचं पण चिखल होऊ द्यायचा नाही, छाटायच्या त्या फक्त मेलेल्या फांद्या. काका म्हणाले की सुधारायला काही वर्षं जातील आणि बुंध्याशी कठीण बुरशी उगवते का यावर लक्ष ठेवा, कारण तुटलेली मुळं कुजली तर झाड पडू शकतं. हे सगळं आम्ही आता स्वतः करतोय.

पण रिपोर्टचं काय? बिल्डर म्हणतो झाड रोगाने मरतंय, आमचा काय संबंध, आणि तोडायच्या अर्जाला त्याने तुमचाच रिपोर्ट जोडलाय. तो त्याच्याकडे कसा गेला याचं उत्तर पण हवंय. झाडावर नोटीस लागलीये, हरकत आम्ही नोंदवलीये, पण वृक्ष प्राधिकरणासमोर तुमचा शिक्का असलेला कागद आहे आणि आमच्याकडे काकांचा शब्द.

म्हणून या आठवड्यात तुमचा जाणकार माणूस पाठवा, बुंधा आणि चर दोन्ही नीट बघू दे, आणि आधीचा रिपोर्ट रद्द केल्याचं पत्र लेटरहेडवर उद्यान विभागाला आणि आम्हाला द्या. पॅकेजचे पैसे परत हवेत, पण आधी पत्र. नाही मिळालं तर ग्राहक आयोगात जाणार आहोत. चराचे, बुंध्याचे आणि शेजारच्या हिरव्या कडुनिंबांचे फोटो सोबत जोडलेत.

सोसायटी कमिटीतर्फे,
सेक्रेटरी