भंगारवाल्याला हाक मारण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या एरंडवण्यातल्या गल्लीत एकामागून एक बंगले पुनर्विकासाला जात आहेत. गेल्या महिन्यात एका फाटकाशी भंगारवाल्याची हातगाडी उभी होती. खिडक्यांचे गज आणि पिचलेली पातेली यांच्यामध्ये एक गंजका जॅक, दोन हबकॅप आणि कुठल्याशा जुन्या गाडीचं मीटरचं पॅनल होतं. मी चौकशी करेपर्यंत वजन होऊन पैसेही चुकते झाले होते. हीच चूक काही वर्षांपूर्वी माझ्या हातून झाली आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, १९५१ची एमजी टीडी आमच्याकडे आहे. दोन माणसांची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, १२५० सीसीचं इंजिन. या मॉडेलच्या जवळपास ३० हजार गाड्या १९५३पर्यंत इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला तयार झाल्या, पण बहुतेक अमेरिकेला गेल्या. आमची नारायण पेठेतल्या एका वाड्यात होती. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा ती बुडाली, मालकाने मिळेल त्या किमतीला काढली आणि अण्णांनी घेतली. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी ती चालवली. मग ती पोर्चमध्ये ताडपत्रीखाली गेली, ती थेट २०१९ साली मुलाने ताडपत्री काढेपर्यंत.

दरम्यान आमचे हे गेले. त्यानंतर माळा आवरताना मला अण्णांची पत्र्याची पेटी सापडली. आत नट-बोल्ट आवळायचे चौदा पाने होते. त्यांच्यावर १/४, ५/१६ असे आकडे कोरलेले, आणि घरातल्या एकाही नटाला त्यातला एकही धड बसेना. मी पेटी भंगारात दिली. सत्तर रुपये आले.

इंजिन खोलायला घेतलं तेव्हा कळलं की ते व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचे पाने होते. त्यांच्यावरचा आकडा पान्याच्या जबड्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो, म्हणून ५/१६चा पाना अर्ध्या इंचाहून मोठा उघडतो. आमच्या मेकॅनिकने नाइलाजाने साधे पाने वापरले आणि काही नटांचे कोपरे झिजवले. नाना पेठेतून आणलेले ८ मिलिमीटरचे बोल्ट त्याने बळेच आवळले, तर पाण्याच्या पंपाजवळचे दोन आटे गेले. माझी सून चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. तिने आटे मोजायची पट्टी आणून लावली. बाजारातल्या नेहमीच्या बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर, या इंजिनाच्या एक मिलिमीटर! कारण ऐकून मी चकितच झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या हॉचकिस कंपनीने कॉव्हेंट्रीत कारखाना काढला होता. १९२३ साली तो मॉरिस कंपनीने घेतला, पण यंत्रं तीच ठेवली. एमजीची इंजिनं मॉरिसचीच. त्यामुळे आटे फ्रेंच, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचे, आणि बोल्टची डोकी मात्र इंग्रज मिस्त्रीच्या पान्याला बसतील अशी. म्हणजे या गाडीचा एकेक बोल्ट सांभाळायला हवा, आणि मी तर अख्खी पेटी देऊन बसले होते.

भोसरीतल्या एका वयस्क टर्नरने ते दोन आटे नीट करून दिले. पान्यांसाठी मुलगा आणि नात दर रविवारी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात जात. चौदापैकी नऊ मिळायला दोन वर्षं लागली.

मी शाळेत शिवण शिकवायचे. त्यामुळे आसनं माझ्याकडे आली. जुनं चामडं टाका टाका उसवून प्रत्येक तुकड्याचा खाका कागदावर उतरवला आणि त्यावर नवं बेतलं. पाठ दोघांना मिळून एकच, तिच्यावरच्या उभ्या पन्हळी सारख्या अंतरावर यायला हव्यात. घरच्या मशीनची सुई चामड्यात मोडायची. शेवटी दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन लॉकडाऊनमध्ये सगळं हाताने शिवलं. नात पायपिंग धरून बसायची. तिनेच एकदा चॅसीच्या पोकळीत तार घातली तर काळसर, टणक गाळ निघाला. तो पानशेतचाच असणार. तिने थोडा बाटलीत भरून ठेवला आहे.

बॉडीच्या सांगाड्याचं लाकूड ॲश जातीचं, तळाशी पार कुजलेलं. ते इथे मिळेना, म्हणून भवानी पेठेतल्या सुताराकडून सागाचं करून घेतलं. या गाडीची दारं मागच्या बाजूला बिजागरीवर असतात. सांगाडा जरा झुकला की दार लागत नाही, म्हणून सुताराला तीनदा यावं लागलं. बॅटरीचा धन ध्रुव या गाडीत बॉडीला जोडलेला असतो. वायरमन सवयीने उलटं जोडणार, तोच नातीने त्याला थांबवलं. अण्णांचं मॅन्युअल तिने पाठ केलं आहे.

कागदांबद्दलही सांगते. जुलै २०२१मध्ये केंद्राने नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक राखता येतो. अण्णांचं आरसी बुक सासूबाईंच्या ट्रंकेत रेशनकार्डासोबत होतं म्हणून आमचं काम सोपं झालं. घर रिकामं करताना असे पिवळे कागद सगळ्यात आधी रद्दीत जातात.

तेव्हा पुनर्विकासाला निघालेल्या घरांना माझी कळकळीची विनंती आहे. पोर्चमधली गाडी, माळ्यावरची पत्र्याची पेटी, न ओळखू येणारा लोखंडी तुकडा किलोच्या भावाने देण्याआधी दोन आठवडे थांबा. सोसायटीच्या फाटकावर फोटो लावा, जुन्या गाड्या बाळगणाऱ्या कुणाला तरी दाखवा. तुम्हाला नको असलेली वस्तू शहरात दुसरं कुणी रविवारचे रविवार शोधत असतं.

आम्हीही अजून शोधतो आहोत. या गाडीच्या दारांना काचा नसतात. पावसात लावायचे कापडी पडदे लोखंडी चौकटींत बसवलेले असतात. उजवीकडची आमची चौकट नाही. डावीवरून पुठ्ठ्याचा खाका कापून मी तयार ठेवला आहे, कापडही बेतून झालं आहे. कुणाच्या माळ्यावर तशी चौकट असली, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे.

आपली,
एक निवृत्त शिवणशिक्षिका
एरंडवणे, पुणे ४