212 सह्या म्हणजे एक हरकत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात आमच्या प्रभागातल्या मैदानाचे आरक्षण बदलून तिथे गाळे आणि वाहनतळ करण्याच्या प्रस्तावाची बातमी वाचली. ‘या फेरबदलाला केवळ 9 हरकती आल्या’ असे आपल्या प्रतिनिधीने लिहिले आहे. त्या नऊपैकी एक हरकत माझ्या हस्ताक्षरातली आहे आणि तिच्याखाली 212 जणांच्या सह्या आहेत. म्हणून रात्रीच हे पत्र लिहायला बसले होते. राग निवावा म्हणून सकाळपर्यंत थांबले. तो निवलेला नाही.

त्या सह्या कशा गोळा केल्या ते सांगते. फेरबदलाची नोटीस आपल्याच वर्तमानपत्रात आतल्या पानावर, जमीन खरेदी-विक्रीच्या जाहीर नोटिसांच्या गर्दीत आली होती. त्यात मैदानाचे नाव नव्हते, फक्त सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांक. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त आरेखकांनी तो ओळखला, तेव्हा हरकतीसाठीच्या महिन्यातले अकरा दिवस संपले होते. मग रोज संध्याकाळी आम्ही तिघी-चौघी जिने चढलो. लोक दारातच विचारायचे, ‘सही केली तर काही त्रास नाही ना?’ मी सांगायचे, कायद्याने दिलेला हक्क आहे, निर्धास्त सही करा. अर्ज आवक विभागात दिला, पोच घेतली. तिथल्या बाबूंनी तेव्हाच म्हटले असते की एक अर्ज म्हणजे एकच हरकत, सह्या कितीही असोत, तर शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून 212 प्रती काढून त्याच दुपारी 212 अर्ज दिले असते. नोटिशीतही तसे लिहिलेले नव्हते. आता तोच नऊचा आकडा सभागृहात वाचला गेला, वर्तमानपत्रात छापला गेला आणि लोकांचा विरोध नाही असा त्याचा अर्थ लागला.

पण माझे खरे दुखणे पुढचे आहे.

सुनावणीचे पत्र आले. वेळ सकाळी 11. आम्ही नऊही अर्जदार हजर होतो. सुनावणी घेणारे साहेब आले 1 वाजून 40 मिनिटांनी. सर्वांना एकदमच आत बोलावले. ‘थोडक्यात सांगा मॅडम.’ मी थोडक्यातच सांगितले. आमच्या प्रभागात हे एकच मैदान आहे. विकास आराखड्यात ‘खेळाचे मैदान’ म्हणून आरक्षण होते म्हणूनच मूळ मालकाला टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क, मिळाला आणि जागा महापालिकेच्या नावावर झाली; मोबदला ज्या कारणासाठी दिला ते कारण आता बदलू नये. आणि वाहनतळच हवा असेल, तर मंडईमागे वाहनतळासाठीच आरक्षित असलेली जागा वर्षानुवर्षे मोकळी पडून आहे, आधी ती विकसित करा.

सुनावणीचा अहवाल मिळवायला माहिती अधिकारात अर्ज केला. 30 दिवसांत उत्तर नाही. पहिले अपील केले, तेव्हा प्रत मिळाली. त्यात माझ्या नावासमोर एकच वाक्य आहे : ‘अर्जदारांनी परिसरात वाहनतळाची आवश्यकता असल्याचे नमूद केले.’

संपादक महोदय, मैदान वाचवायला गेलेल्या बाईच्या तोंडी वाहनतळाची मागणी घातली गेली आहे. तो कागद आता मंजुरीसाठी शासनाकडे जाणार. तिथे फाइल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मी प्रस्तावाच्या बाजूची वाटणार आणि माझ्यामागे सही केलेले 211 जणही. ज्या वृद्ध गृहस्थांनी थरथरत्या हाताने सही केली, त्यांना मी आता काय सांगू?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधले कलम 37 मी या वयात वाचले. विकास आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणार नाही, असाच फेरबदल या कलमाखाली करता येतो. राजपत्रात सूचना द्यायची, महिनाभरात कोणीही हरकत घेऊ शकतो, बाधितांना नोटीस द्यायची, त्यांचे ऐकायचे आणि मग प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. प्रभागातले एकमेव मैदान जाऊन तिथे तळमजल्यावर गाळे आणि वर वाहनतळ आला, तर आराखड्याचे स्वरूप बदलत नाही, हे कोणी व कसे ठरवले? अहवालात याविषयी एक ओळ नाही. ‘बाधित’ कोण, तर महापालिकेच्या लेखी लगतचे मिळकतदार. रोज संध्याकाळी तिथे खेळणारी मुले त्या व्याख्येत बसत नाहीत.

बंगळुरूच्या एका वसाहतीतली उद्यानाची जागा अशीच खासगी रुग्णालयासाठी दिली गेली होती. रहिवासी न्यायालयात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले. रुग्णालयासारखे कारण असूनही उद्यान गेले नाही. इथे तर गाळे आहेत, तेही बीओटीवर (बांधा, वापरा, हस्तांतरित करा), म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने ठेकेदाराकडे जाणारे. महापालिकेची मिळकत चालू बाजारमूल्यापेक्षा कमी मोबदल्यात भाडेपट्ट्याने देता येत नाही, असे महापालिका अधिनियमाचे कलम 79 सांगते. मग त्या जागेचे मूल्यांकन कुठे आहे? विषयपत्रिकेसोबत ते नव्हते, कारण विषयच आयत्या वेळी आला. सूचक, अनुमोदक, चर्चेविना मंजूर. 2022 च्या मार्चपासून मुंबई-पुण्यासह कितीतरी महापालिकांत प्रशासक बसले होते. तेव्हा आम्ही म्हणत होतो की सभागृह असते तर कोणी तरी प्रश्न विचारला असता. आता सभागृह आहे. आमच्या प्रभागाचे चारही नगरसेवक त्या दिवशी हजर होते. एकानेही तोंड उघडले नाही. मी त्यांना मत दिले आहे, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे.

त्याच सभेत घंटागाडीच्या ठेक्याला पुन्हा मुदतवाढ मिळाली, तेही आपल्या बातमीत शेवटच्या ओळीत आहे. निविदा वेळेत काढायची नाही आणि मग ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणून जुन्याच ठेकेदाराला तीन-तीन महिने वाढवून द्यायचे, हे किती काळ चालणार? घनकचरा नियमांप्रमाणे मी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करते. गाडीवरचा मुलगा तो माझ्या देखत एकत्र टाकतो आणि म्हणतो, ‘काकू, गाडीला कप्पाच नाही.’ त्याला मी बोल लावत नाही. कप्प्याची गाडी देण्याची अट ठेक्यात आहे की नाही, ते तपासायला करारनामा संकेतस्थळावर हवा. तो नाही.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच. ‘केवळ 9 हरकती’ ही नोंद दुरुस्त करा आणि सह्यांची संख्याही छापा. माझ्या अर्जाची पोच असलेली प्रत आणि माहिती अधिकारात मिळालेला अहवाल, दोन्ही या पत्रासोबत जोडले आहेत. आपल्या प्रतिनिधीने ते शेजारी शेजारी ठेवून वाचावेत आणि त्या साहेबांना विचारावे की ते वाक्य कोणी लिहिले. नगरविकास विभागाला मी आजच स्पीड पोस्टाने पत्र पाठवते आहे, की अहवालातले ते म्हणणे माझे नाही. दरम्यान फाइल मंत्रालयात पोहोचली असेल तर निदान आपल्या अंकातून तरी हे तिथे कळावे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका