भूल उतरेपर्यंत

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. जनावरांच्या दवाखान्यात मदतीला नवीन ठेवलेल्या मुलीला काय शिकवू आणि इंग्लंडात जनावरांच्या नर्सना नेमकं काय काय करू देतात, असे दोन प्रश्न आहेत तुझे. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे पहिलं सोपं जाईल.

एके काळी इथेही दवाखान्यातली मुलगी म्हणजे कुत्रं धरणारी, पिंजरे धुणारी, फोन घेणारी. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, बोथट सुया दगडावर घासायच्या, ड्रममध्ये बोळे भरायचे. हे सगळं बघून बघून शिकायचं. १९६१ मध्ये पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने रीतसर प्रशिक्षण सुरू केलं. नाव मात्र ‘अ‍ॅनिमल नर्सिंग ऑक्झिलरी’, कारण ‘नर्स’ हा शब्द माणसांच्या नर्सेससाठी कायद्याने राखून ठेवलेला. ‘व्हेटरनरी नर्स’ म्हणवून घ्यायला १९८४ उजाडलं.

मला नावापेक्षा १९९१ साल मोठं वाटतं. त्या वर्षी इथल्या पशुवैद्यांच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात दुरुस्ती झाली आणि पात्र नर्सला डॉक्टरच्या सांगण्यावरून औषधोपचार आणि किरकोळ शस्त्रक्रिया करायची मुभा मिळाली. अट एकच, शरीराच्या पोकळीत शिरायचं नाही. म्हणजे ती कातडीची जखम शिवेल, पण पोट उघडणार नाही. निदान करणं आणि औषध लिहून देणं डॉक्टरकडेच राहिलं. २००७ मध्ये नोंदवही सुरू झाली आणि पुढे चूक झाली तर चौकशीही थेट नर्सचीच होऊ लागली. आता पात्र व्हायला १,८०० तास प्रत्यक्ष दवाखान्यात काढावे लागतात. नंतरही वर्षाला १५ तास नवं शिकल्याची नोंद दाखवावी लागते.

आपल्याकडचा कायदा तुला माहीतच आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमातली किरकोळ सेवांची सवलत पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकांसाठी आहे, तीही राज्य सरकारने आदेश काढला तर आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. लसीकरण, खच्चीकरण, जखमेचं ड्रेसिंग, असं ते सगळं गाईम्हशींच्या हिशेबाने बेतलेलं. सरकारी दवाखान्यातला व्रणोपचारकही, म्हणजे ड्रेसर, त्याच मुशीतला. तुझ्या मुलीकडे असं प्रमाणपत्र नाही, तेव्हा सुई तिच्या हातात देऊ नकोस. पण तिचे डोळे, बोटं आणि पेन्सिल वापरायला कुठला कायदा आड येतो?

कारण खरा फरक पडतो तो लक्ष ठेवण्यानेच. २००८ मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरं होती. भुलीशी संबंधित मृत्यू कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के. यातले कुत्र्यांचे ४७ टक्के आणि मांजरांचे ६१ टक्के मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यावरचे, आणि त्यातले बहुतेक पहिल्या तीन तासांतले! म्हणजे तू हातमोजे काढून पुढचा पेशंट बघायला जातोस, नेमक्या त्या वेळातले. तिथे तुला माणूस हवाय.

सुरुवात भुलीच्या मशिनपासून कर. रोज सकाळी जादा हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बंद करायचा, नळीचं टोक अंगठ्याने दाबायचं, ऑक्सिजनने बॅग पाण्याच्या ३० सेंटिमीटर दाबापर्यंत फुगवायची आणि दहा सेकंद काटा बघायचा. काटा खाली आला तर कुठेतरी गळतंय. बहुधा बॅगेचं तोंड किंवा उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइमच्या डब्याचं रबर. ही तपासणी सगळे शिकवतात, पण शेवटची पायरी विसरतात: व्हॉल्व्ह पुन्हा उघडणं. तो बंद राहिला आणि जनावर जोडलं की बॅग टम्म फुगते, छातीतला दाब चढतो, रक्त हृदयाकडे परतेनासं होतं आणि फुप्फुस फाटू शकतं. मिनिटांचा खेळ असतो. म्हणून टोकावरचा अंगठा काढण्याआधी व्हॉल्व्ह उघडायचा आणि ‘उघडला’ असं मोठ्याने म्हणायचं, ही सवयच लाव.

मग तक्ता. दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग, जबड्याचा ताठरपणा आणि डोळ्याची दिशा. बुबुळ खाली-आत वळलेलं असेल तर भूल साधारण ठीक. ते मधोमध आलं तर भूल एक तर हलकी झालीय किंवा फार खोल गेलीय; कुठली ते जबडा आणि पापणी सांगतात. ऑक्सिमीटर जिभेवर लाव, पण नाडी बोटांनीच मोजू दे. जीभ कोरडी पडली किंवा चिमट्याने दाबली गेली की यंत्र भलतेच आकडे दाखवतं. एका आकड्यापेक्षा आकडा कुठे चाललाय ते महत्त्वाचं: नाडी ११०, १००, ८८ अशी उतरत असेल तर तिने ८८ लाच तुला हाक मारायची, ६० ची वाट बघायची नाही.

मांजराची टेबलावर कूस पालटताना श्वासनलिकेत घातलेली नळी मशिनपासून आधी सोडवायची. नळीच्या आतल्या टोकाजवळचा फुगा फुगलेला आणि नळीला पीळ, यात मांजराची श्वासनलिका फाटते. नळी काढताना फुगा आधी रिकामा करायचा. कुत्र्याने स्वतःहून आवंढा गिळल्याशिवाय नळी काढायची नाही. पग आणि बुलडॉगला तर ती सहन होईल तोवर राहू दे. मांजराचा कान हलायला लागला की काढायची, उशीर झाला तर घसा आवळून श्वास अडतो.

त्यानंतर जनावर पोटावर बसेपर्यंत तिने जागचं हलायचं नाही. दर १५ मिनिटांनी तापमान घ्यायचं. ३७ च्या खाली असेल तर ऊब द्यायची, पण गरम पाण्याची बाटली अंगाला थेट लावायची नाही. भुलीतलं जनावर चटका बसला तरी सरकत नाही आणि भाजलेलं चारेक दिवसांनी दिसतं, तेव्हा मालक तुझ्या दारात.

सलाईनचा हिशेब तिला तोंडपाठ हवा. भुलीत कुत्र्याला किलोमागे तासाला ५ मिली, मांजराला ३. दहा किलोच्या कुत्र्याला तासाला ५० मिली. मिलीला २० थेंब पाडणाऱ्या सेटने मिनिटाला १७ थेंब. चार किलोच्या मांजराला १२ मिली, आणि मिलीला ६० थेंब पाडणाऱ्या मायक्रोड्रिप सेटने मिनिटाला बरोबर १२ थेंब. मायक्रोड्रिपमध्ये तासाचे मिली म्हणजेच मिनिटाचे थेंब, हे तिला एकदा समजलं की कॅल्क्युलेटर लागत नाही. मांजराला साध्या सेटवर ५०० मिलीची बाटली लावून मात्र ठेवू नकोस. चाक जरा सैल राहिलं तर तासाभरात फुप्फुसात पाणी.

आमच्याकडच्या तक्त्याचा कोरा नमुना सोबत पाठवतोय. छापून घेताना तापमानाचा रकाना रुंद कर आणि शस्त्रक्रियेच्या ओळींखाली भूल उतरतानाच्या निदान बारा ओळी ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर