सही करण्याआधी

खानापूर

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

तू अमेरिकेच्या फौजेत भरती व्हायचं म्हणालास तेव्हा फोनवर मी गप्प बसलो, त्याला होकार समजू नकोस. सही केलीस का अजून?

तू पाठवलेली होझे गुटिएर्रेझची माहिती अक्काच्या पोरीनं वाचून समजावली. ग्वाटेमालाचं पोरकं पोर, रस्त्यावर वाढलेलं. मालगाड्यांवर बसून मेक्सिको ओलांडला, कागदपत्राशिवाय अमेरिकेत शिरला. वय कमी सांगितलं म्हणून राहू दिलं. आर्किटेक्ट व्हायचं होतं. झाला मरीन, अमेरिकेच्या फौजेतला शिपाई. 21 मार्च 2003 ला, लढाईला नुकतं तोंड फुटलेलं, इराकात उम्म कसरजवळ पडला. वय 28. तेही आपल्याच बाजूच्या गोळीनं. नागरिकत्व दिलं मेल्यावर आणि पुरलं शेवटी ग्वाटेमालातच. तू म्हणतोस, फौजेत गेलं की सिटिझनशिप लवकर मिळते. मिळते की. त्यालाही मिळालीच.

उम्म कसर म्हणजे बसऱ्याच्या खालचं बंदर. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी त्याच मुलखात लढल्या, कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि 1916 ला कैदेत गेल्या. पणजोबांच्या चांदीच्या मेडलवर राजाचं तोंड आहे ना, दरवर्षी दसऱ्याला राखेनं घासून घासून तुझ्या आईनं त्याचं नाक पार झिजवलंय. दुसऱ्याच्या राजासाठी गेले ते.

भाषण झालं बघ. राग मानू नकोस. मी तरी कुठं कुणाला विचारलं होतं? बेळगावला भरतीत 77 ची छाती 82 करताना श्वास असा कोंडला की डोळ्यांपुढं अंधारी आली. घरी कळलं ते निवड झाल्यावर. कसम परेडला आजोबा आले, नवं धोतर नेसून, आणि सगळी पोरं एकसारखीच दिसत होती म्हणून दुसऱ्याच कुणाला तरी हात करत राहिले. ते दिवसभर हसत होते. रात्री मात्र जेवले नाहीत.

खोटं कशाला बोलू, युनिफॉर्ममध्ये तू कसा दिसशील ते मी मनात बघून घेतलंय. चांगला दिसशील. पण मला काही झालं असतं तर पलटणीतली माणसं घरी आली असती, मराठीत बोलली असती. तुझ्या आईशी कोण बोलणार, इंग्रजीत?

कर्ज फेडायची घाई असेल तर वरच्या शेताचं बघू. बापूकाका तयार आहे. तेवढ्यासाठी सही करू नकोस.

आईला मी काही सांगितलेलं नाही. शनिवारी फोन करशील तेव्हा तूच सांग. मी गोठ्याकडं जाईन.

तुझे
बाबा