तेरा अंशांवर अडून बसलेल्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

शीतगृहाच्या दारात मी तुमच्याशी भांडलो होतो, आठवत असेल. भाडं मोजतोय तर काटा आठवर आणा, आंबा जास्त टिकेल, हा माझा हेका. तुम्ही तेराच्या खाली यायला तयार नाही. "हापूस आहे हा, सफरचंद नाही," एवढंच बोललात. तेव्हा राग आला होता, म्हणून आज आभार चारचौघांत मानतोय.

आदल्या वर्षी दुसरीकडे मी हाच हट्ट पुरवून घेतला होता. खोलीत होतं तोवर फळ हिरवंगार, कडक, देखणं. बाहेर काढून आढी घातली आणि चार दिवसांत सालीवर करडे डाग, बारीक खड्डे. रंग चढेना, वास नाही, गर पांचट. गिऱ्हाइकांनी फोनवर काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. फळाला थंडी बाधते ती आत असताना दिसत नाही, बाहेर पिकायला लागल्यावर दिसते, हे तुमच्याकडून कळलं.

गरम पाण्याचं ऐकून तर हसलोच होतो. २०१४ मध्ये फळमाशीपायी युरोपने आपला आंबा बंद केला, त्यानंतर ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवायची गोष्ट कानावर होती. पण ते निर्यातवाल्यांचं काम. पुण्याच्या पेटीला कशाला? तुम्ही सांगितलंत, माशीची अंडी गरात, म्हणून तास लागतो. करपा ही बुरशी, ती सालीत दबा धरून बसते, तिला ५२ अंशांवर दहा मिनिटं पुरतात. मग स्वतःच टाकी ढवळत उभे राहिलात, कारण पाणी वर कढत, तळाला कोमट. आणि पारा चढला तर साल भाजायची. पंख्याखाली निवून सुकल्याशिवाय एकही फळ पेटीत जाऊ दिलं नाहीत. माझा गडी वैतागला होता, मीही.

अवकाळी पावसाने यंदा करपा जोरात होता. तरी अठरा दिवसांनी काढलेल्या मालात देठकूज धरून शंभरात चार-पाचच फळं गेली. साका, म्हणजे आतून पांढरट, स्पंजासारखा झालेला गर, निघाला तो निघालाच. त्यावर ना तुमचं पाणी चालत, ना तुमची थंडी.

तुमचा थर्मामीटर अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या खेपेला पेटीसोबत आणतो.

तुमचा,
राजापूरकडचा एक बागायतदार