थरारालाही उसंत लागते

मा. संपादक,
स. न.

कादंबरीवरून थरारक मालिका करायची तर कथेचा वेग वाढवावाच लागतो, असे मत आपल्या रविवार पुरवणीतील लेखात मांडले आहे. ते मला पटले नाही. जॉन ल कारे यांच्या १९७४ मधील 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या कादंबरीवर बीबीसीने १९७९ मध्ये सात भागांची मालिका केली. ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या वरिष्ठांमध्ये सोव्हिएत रशियाचा हस्तक दडलेला आहे आणि नोकरीतून दूर केलेल्या जॉर्ज स्मायलीने त्याला गुपचूप हुडकून काढायचे आहे, एवढेच तिचे कथानक. पाठलाग जवळपास नाहीत, आहेत त्या जुन्या फायली आणि जुन्या सहकाऱ्यांच्या लांबलचक भेटी.

पटकथाकार आर्थर हॉपक्राफ्ट यांनी मूळ रचना बदलली नाही असे नव्हे. कादंबरी एका शाळेत रुजू होणाऱ्या शिक्षकापासून सुरू होते आणि चेकोस्लोव्हाकियातील फसलेली कामगिरी पुष्कळ उशिरा उलगडते; मालिकेत ती पहिल्याच भागात येते. प्रेक्षकाला खिळवण्यासाठी केलेला हा बदल योग्यच आहे. मात्र त्यानंतर दिग्दर्शक जॉन आयर्विन कसलीही घाई करत नाहीत.

दिल्लीच्या तुरुंगातील प्रसंगच पाहा. (आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्याचे जरा अधिकच कुतूहल वाटेल.) कैदेतील रशियन हेर कार्ला याने फितूर व्हावे म्हणून स्मायली परोपरीने त्याची मनधरणी करतो आणि कार्लाच्या पत्नीविषयी बोलता बोलता स्वतःच्या संसारातली सल उघडी करून बसतो. पॅट्रिक स्टुअर्ट यांचा कार्ला अवाक्षर काढत नाही. स्मायलीला पत्नीने दिलेला लायटर तेवढा घेऊन जातो. पुढे नेमक्या त्याच दुखऱ्या जागी कार्ला वार करतो, तेव्हा स्मायली झालेल्या अ‍ॅलेक गिनेस यांच्या चेहऱ्यावर रेंगाळलेली ती मिनिटे कशासाठी होती हे कळते. याच कादंबरीवरच्या २०११ च्या चित्रपटात स्मायली झालेले गॅरी ओल्डमन हाच प्रसंग रिकाम्या खुर्चीशी बोलत सांगतात. अभिनय उत्तम आहे, पण कार्ला समोर नसल्याने त्याच्या मौनाचे दडपण येत नाही.

मालिकेचा पहिला भाग कादंबरी न वाचलेल्यांना जड जातो, हे खरे. तरीही दर भागाच्या शेवटी धक्का हवाच, हा आपल्या वाहिन्यांचा हट्ट यामुळे समर्थनीय ठरत नाही. लेखकाने ही मालिका आणि हा चित्रपट यांची तुलना पुढील लेखात करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डोंबिवली